आयर्लंडांतील मंगलाशीर्वाद
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनांत केलेलें भाषण)



आजच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगण्याचें काम आमच्यापेक्षां अधिक माहितगार अशा वडीलधाऱ्या मंडळींनीं केलेंच आहे. देणगीदारांचे आभार मानण्याचें कर्तव्यही चिटणिसांनीं यथास्थित पार पाडलें आहे. तेव्हां आमच्या वांट्यास जो थोडा वेळ आला आहे, तो आम्ही एका निराळ्याच विषयाकडे लावणार आहों. आयर्लंड नांवाच्या, आपल्यापासून फार दूर असलेल्या एका देशांतील आपले धर्मबांधव आनंदाच्या वेळीं एकमेकांस काय म्हणतात, हा तो विषय. महोत्सवाच्या दिवशीं हें परदेशचें प्रकरण कशाला, असें कोणास वाटेल. त्याचें कारण प्रथम सांगतों, आणि तें सांगतांना आमच्या पदरचा एक दोषही कबूल करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्याच देवळांत एक लग्न लागलें. संध्याकाळीं मांडवांत जेवणापूर्वीं टोस्टची वेळ आली. टोस्ट देणारे गृहस्थ सुशिक्षित होते. त्यांनीं वधूवरांस शुभेच्छा देऊन शेवटीं एक इंग्रजी आशीर्वाद म्हटला. तो आयर्लंडचा म्हणून प्रसिद्ध आहे. शुभेच्छापत्रांवर, भिंतींवरील तसबिरींवर, चहाच्या पेल्यांवर देखील तो छापलेला आढळतो. नवऱ्या मुलाची आजी आमच्या शेजारींच बसली होती. तिला इंग्रजी येत नसे. तिनें विचारलें, "फादर, काय बोलला हो तो?" आम्हीं आपलें पांडित्य खर्चून भाषांतर केलें : "आजी, वाट वर उठून तुम्हांला सामोरी येवो, असें ते म्हणाले." आजी क्षणभर विचारांत पडली आणि हंसून म्हणाली, "वाट वर उठली म्हणजे चढण झाली कीं! नव्या नवरानवरीला चढण कशाला मागायची?"

भोंवतालची मंडळी हंसली, आम्हीही हंसलों. मग ती उठूं लागली. "मला पण पोरांना दोन शब्द बोलायचे आहेत," ती म्हणाली. तिच्या हातांत पेला नव्हता. उजवा हात मात्र तिनें वर केला होता. तेवढ्यांत बँड सुरू झाला, आणि आम्हीं तिला म्हटलें, "आजी, मागाहून बोला." तें मागाहून कधीं आलेंच नाहीं. पुढच्या पावसाळ्यापूर्वीं आजी देवाघरीं गेली. ती काय बोलणार होती, हें आतां कोणासही ठाऊक नाहीं.

ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. प्रायश्चित्त म्हणा कीं कुतूहल म्हणा, आम्ही त्या आयरिश आशीर्वादाचें मूळ शोधूं लागलों, आणि पहिलाच शोध असा लागला कीं आजीचें म्हणणें बरोबर होतें.

आयरिश लोकांची जी स्वतःची भाषा, जिला गेलिक असेंही म्हणतात, तींत प्रवासाला निघणाऱ्यास 'गु नायरी अन बोहर ल्यात' असें म्हणण्याची चाल आहे. त्यांतील क्रियापदाचा साधा अर्थ 'उठणें' असा आहे. परंतु ह्या वाक्यांत तें ज्या रीतीनें जोडलें आहे, त्या रीतीनें त्याचा अर्थ 'सफल होणें' असा होतो. तुझी वाट तुला फळो, तुझा प्रवास सुखाचा होवो, एवढेंच त्या वाक्याचें सांगणें. इंग्रजी करतांना कोणीतरी पहिला अर्थ घेतला, आणि बिचारी वाट जगभर उभी राहिली! आजीला आयरिश भाषेचें एक अक्षर ठाऊक नव्हतें. पण आशीर्वाद कसा असावा हें ठाऊक होतें, म्हणून चूक तिच्या कानाला लागली.

ह्या वाक्यांतील 'बोहर' म्हणजे वाट. हा शब्द 'बो' म्हणजे गाय ह्यावरून आला असें मानतात; आणि हा 'बो' आपल्या संस्कृतांतील 'गो' शब्दाचा भाऊबंद आहे. काशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक, जो सन ९०८ मध्यें मृत्यु पावला, त्याच्या नांवावर एक प्राचीन शब्दकोश आहे. त्यांत बोहरची रुंदी सांगितली आहे ती अशी कीं, एक गाय लांब आणि दुसरी आडवी उभी राहूं शकेल एवढी ती असावी. म्हणजे चहाच्या पेल्यावरचा हा आशीर्वाद मूळचा गुरांमागें चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडचा आहे.

आतां त्यांच्या रोजच्या अभिवादनाकडे पाहूं. वाटेंत कोणी भेटला तर आयरिश मनुष्य म्हणतो, 'दिया ग्वित', म्हणजे देव तुजबरोबर असो. हा 'दिया', आपला 'देव' आणि लातिन भाषेंतील 'देउस' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. यावर समोरचा तेंच वाक्य परत करीत नाहीं. तो म्हणतो, 'दिया स म्विरे ग्वित', देव आणि पवित्र मारिया तुजबरोबर असोत. आणि पहिल्यास पुन्हां बोलावयाचें असेल, तर तो संत पॅट्रिक ह्यांचें नांव आणखी जोडतो. येथें लक्षांत ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. 'म्विरे' हें नांव आयरिश भाषेंत केवळ प्रभूच्या मातेसाठीं राखून ठेविलें आहे. त्याच नांवाच्या इतर स्त्रियांस 'मॉयरे' म्हणतात. मातेचें नांव मातेपाशींच राहतें.

ह्या अभिवादनाचा नियम कोणता? घेतल्यापेक्षां थोडें अधिक परत करावें, हा. एकानें देवाचें नांव दिलें, तर दुसऱ्यानें देव आणि मारिया द्यावीं. मिळालेला आशीर्वाद खिशांत घालून चालूं लागणें हें तेथें असभ्यपणाचें लक्षण. आपल्या मिस्सेंतही हेंच आहे. धर्मगुरु 'प्रभु तुम्हांबरोबर असो' म्हणतो आणि थांबतो. लोकांनीं उत्तर दिल्यावांचून त्यास पुढें जातां येत नाहीं. आयरिश लोकांनीं हा वेदीपाशींचा नियम बांधावर आणि बाजारांत नेला, एवढेंच.

कोणी काम करीत असेल, नांगरीत असेल, घर शाकारीत असेल, तर त्याच्या जवळून जातांना 'बाल ओ यीअ एर अन ओबिर' म्हणावयाचें, म्हणजे ह्या कामावर देवाची कृपा असो. एखाद्याच्या मुलाची किंवा गुराची स्तुति करावयाची, तरी देवाचें नांव घेतल्यावांचून करावयाची नाहीं. नाहींतर त्या स्तुतींत असूयेचा वास येतो. आभार मानतांना ते 'गुरव मह अगत' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ, तुजपाशीं बरें असो. बंधूंनो, गोव्याकडील आपले धर्मबांधव आभार मानतांना काय म्हणतात तें आठवा : 'देव बरें करूं'! दोन दूरचे किनारे, दोन भाषा, आणि दोन्ही ठिकाणीं उपकार फेडण्याची रीत एकच : उपकार करणाऱ्याचें बरें व्हावें अशी प्रार्थना.

हें साम्य येथेंच संपत नाहीं. आयरिश भाषेंत आशीर्वादास 'ब्यानख्त' म्हणतात. तो शब्द लातिनमधील 'बेनेदिक्तियो' ह्यापासून, ख्रिस्ती धर्माबरोबर त्या देशांत गेला. त्याच लातिन शब्दापासून पोर्तुगीज शब्द झाला, आणि त्यापासून कोंकणींतील 'बेसांव'. रात्रीं माळेची प्रार्थना संपल्यावर लहानांनीं मोठ्यांजवळ जाऊन जो मागावयाचा, तो हा बेसांव. म्हणजे आयर्लंडच्या शेतकऱ्याच्या घरांतला 'ब्यानख्त' आणि कोंकणांतल्या घरांतला 'बेसांव' ह्या एकाच आजीच्या दोन नाती आहेत.

आतां ज्याची तुम्ही केव्हांपासून वाट पाहत आहांत, त्या टोस्टकडे येऊं. पेला उचलतांना आयरिश लोक 'स्लॉन्चा' म्हणतात. त्याचा अर्थ आरोग्य. परंतु ह्या शब्दाच्या पोटांत आणखी पुष्कळ आहे. 'स्लॉन' म्हणजे अखंड, धडधाकट, सुखरूप. भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळ लातिनमधील 'साल्वुस' आणि संस्कृतांतील 'सर्व' ह्या शब्दांशीं जोडतात. निरोप घेतांनाही ते 'स्लॉन' म्हणतात, सुखरूप रहा. आणि ह्याच शब्दापासून त्यांनीं तारणाऱ्या प्रभूस नांव दिलें आहे : 'स्लॉनाहोर', जो मनुष्यास पुन्हां अखंड करतो तो. तेव्हां आयरिश मनुष्य मित्राच्या आरोग्यासाठीं पेला उचलतो, तेव्हां त्याच्या ओठांवर नकळत आपल्या तारकाच्या नांवाचें मूळ असतें.

टोस्ट म्हटलें म्हणजे दारू आलीच, असें मात्र कोणी समजूं नये. ज्या देशाच्या टोस्टांची एवढी ख्याति आहे, त्याच देशांत कॉर्क शहरीं १० एप्रिल १८३८ रोजीं कॅपुचिन संघाचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू ह्यांनीं मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सही केली, आणि पुढील कांहीं वर्षांत लाखों लोकांनीं त्यांच्यामागून ती प्रतिज्ञा घेतली. त्या लोकांनीं दारू सोडली. आशीर्वाद सोडले नाहींत. पेल्यांत काय आहे ह्यापेक्षां तोंडांत काय आहे, हें महत्त्वाचें.

त्यांच्या कांहीं टोस्टांत विनोद आहे. पुरुषांना आरोग्य चिंतावयाचें आणि स्त्रियांना मात्र अमरत्व, अशी एक टोस्ट आहे. ती ऐकून येथील भगिनींस आयर्लंडविषयीं प्रेम वाटूं लागेल! कांहींत व्यथा आहे. एका जुन्या टोस्टमध्यें आरोग्य, दीर्घायुष्य, मनासारखी बायको हें सारें मागून झाल्यावर खंड न लागणारी जमीन मागितली आहे, आणि सर्वांच्या शेवटीं आयर्लंडमध्येंच मरण मागितलें आहे. आनंदाच्या पंक्तींत मरण कां मागावें? तर १८४५ ते १८५२ ह्या वर्षांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून त्या देशांत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत सुमारें १० लाख माणसें मेलीं आणि जवळजवळ तितकींच देश सोडून जहाजांत बसलीं. जमीन जमीनदाराची; खंड चुकला कीं घराबाहेर. अशा लोकांना स्वतःच्या गांवच्या मातींत मरणें हें देखील भाग्य वाटलें. आशीर्वाद हा असा असतो : ज्यास जें मिळालें नाहीं, तेंच तो दुसऱ्यासाठीं मनापासून मागतो.

हे आशीर्वाद इतके दिवस टिकले कसे? सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथें कॅथोलिकांविरुद्ध कडक कायदे होऊं लागले. १६९७ च्या कायद्यानें बिशपांस आणि संघीय धर्मगुरूंस देशाबाहेर घालविलें. लोक उघड्या रानांत खडकावर मिस्सा ऐकत. अशा खडकांस अजूनही 'मिस्सेचा खडक' म्हणतात. कायदे पुढें हळूहळू शिथिल झाले, तरी १८२९ सालचा मुक्ततेचा कायदा होईपर्यंत कॅथोलिकांस पार्लमेंटांत बसण्याची मोकळीक नव्हती. अशा काळांत धर्म घरांत राहिला आणि बायांच्या तोंडीं राहिला. रात्रीं निजण्यापूर्वीं चुलींतील निखारे राखेखालीं झांकतांना घरची बाई प्रार्थना म्हणे, पवित्र मारिया आणि संत ब्रिजिड ह्यांच्या स्वाधीन घर करी, आणि सकाळीं तेच निखारे फुंकून पुन्हां विस्तव करी. धर्मगुरु आला नाहीं तरी विस्तव विझला नाहीं. आम्ही धर्मगुरु आहों, तरी हें नम्रपणें सांगतों कीं आशीर्वाद ही केवळ आमची मालमत्ता नव्हे.

आणि जें छळानें मेलें नाहीं, तें पुढें लाजेनें मरूं लागलें. १८३१ पासून राष्ट्रीय शाळा निघाल्या. त्यांत शिक्षण इंग्रजींतून. पुष्कळ ठिकाणीं मुलाच्या गळ्यांत एक काठी अडकवीत. तो आयरिश बोलला कीं काठीवर एक खांच, आणि दिवसाच्या शेवटीं जितक्या खांचा तितका मार. कित्येक आईबापांनीं आपण होऊन ही काठी अडकविली. कारण अमेरिकेला जावयाचें तर इंग्रजी पाहिजे. पुष्कळ धर्मगुरूंनींही इंग्रजींतून प्रवचनें करून ह्या गोष्टीस हातभार लावला. कोणी वाईट हेतूनें केलें असें नव्हे, प्रत्येकानें म्हटलें, "आजी, मागाहून बोला."

जागें होण्यास वेळ लागला, पण कांहीं लोक जागे झाले. १८९३ सालीं डब्लिन शहरीं गेलिक लीग ही संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. तरी त्यांनीं कॉनाख्ट प्रांतांतल्या झोंपड्यांतून हिंडून कॅथोलिक शेतकऱ्यांच्या प्रार्थना आणि आशीर्वाद उतरून घेतले आणि १९०६ सालीं दोन भागांत छापले. पुढें १९३८ सालीं तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. कॉर्क परगण्यांत पीटर ओ'लिअरी नांवाचे एक खेड्यांतील धर्मगुरु होते. त्यांनीं पन्नाशी उलटल्यावर लेखणी उचलली, आणि पंडितांच्या जुन्या भाषेंत न लिहितां आपल्या लोकांच्या रोजच्या बोलींत 'शेना' हें पुस्तक लिहिलें. आमच्याच वयाच्या त्या खेडवळ धर्मगुरूची आठवण आम्हांस धीर देते.

परंतु सर्वांत मोठें काम मुलांनीं केलें. १९३७ ते १९३९ ह्या काळांत आयरिश लोकसाहित्य आयोगानें प्राथमिक शाळांतील मुलांस सांगितलें कीं, आपल्या आजी-आजोबांस आणि शेजारच्या म्हाताऱ्यांस विचारून त्यांच्या गोष्टी, म्हणी, प्रार्थना, आशीर्वाद वहींत उतरवून आणा. सुमारें ५०,००० मुलांनीं हें काम केलें. जी भाषा पूर्वीं मुलांच्या गळ्यांतील काठीनें मारली, तिचे शब्द मुलांच्याच हातच्या वह्यांत सांठले. त्या वह्या आजही जपून ठेविल्या आहेत.

म्हणून सारें सुरक्षित झालें काय? नाहीं. २०२२ च्या खानेसुमारींत आयर्लंडच्या प्रजासत्ताकांत १८,७३,९९७ लोकांनीं आपणांस आयरिश बोलतां येतें असें लिहिलें. परंतु शाळेबाहेर रोज ती बोलणारे निघाले ७१,९६८. भाषा शिकणें निराळें आणि भाषेंत आशीर्वाद देणें निराळें. पेल्यावर छापलेला आशीर्वाद पेला फुटेपर्यंत टिकतो. पण तो कोणी कोणास दिलेला नसतो, म्हणून त्यास कोणी उत्तरही देत नाहीं.

बंधुभगिनींनो, आतां आमचें सांगणें तुमच्या ध्यानीं आलेंच असेल. लग्नांत आयरिश आशीर्वाद म्हणूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. चांगलें तें कोठूनही घ्यावें. परंतु आयरिश लोकांपासून घ्यावयाचें तें त्यांचें वाक्य नव्हे, त्यांची रीत. ती रीत अशी, कीं आशीर्वाद आपल्या घरच्या बोलींत द्यावा, ज्यास द्यावयाचा त्याच्याकडे पाहून द्यावा, आणि घेणाऱ्यानें थोडी भर घालून परत करावा. त्यांची एक म्हण आहे : 'एर स्कॉ अ खेले अ वारन ना दीने', माणसें एकमेकांच्या सावलींत जगतात. त्यांच्या त्या शब्दाचा अर्थ सावली असा आहे आणि आसरा असाही आहे. आपल्या 'छत्रछाया' शब्दांत दोन्ही आहेत तसाच. पन्नास वर्षें हा धर्मग्राम कोणाच्या सावलींत जगला? ज्यांचीं नांवें कोनशिलेवर आहेत, त्यांच्या सावलींत तर खरेंच; पण ज्यांचीं नांवें केवळ बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वहींत आहेत, अशा शेंकडों आजींच्या उचललेल्या हातांखालींही.

म्हणून आमची तुम्हांस दोन मागणीं आहेत. पहिलें, येत्या सुटींत धर्मशिक्षणाच्या वर्गांतील प्रत्येक मुलानें एक वही घ्यावी, घरांतील किंवा शेजारच्या वडील माणसापाशीं बसावें, आणि लग्नांत, बारशाला, प्रवासाला निघतांना, पेरणीच्या वेळीं, निजतांना तीं काय म्हणत, तें त्यांच्याच शब्दांत लिहून आणावें. बोली शुद्ध करूं नये. वह्या आम्ही देवळाच्या कपाटांत नोंदवह्यांच्या शेजारीं ठेवूं. दुसरें मागणें आजच्या रात्रीचें आहे. थोड्या वेळानें टोस्ट होईल. त्यापूर्वीं ह्या मंडपांतील सर्वांत वयोवृद्ध भगिनी आपल्या बोलींत आपणां सर्वांस आशीर्वाद देतील, आणि तोंवर बँड वाजणार नाहीं. बँडमास्तरांशीं आमचें बोलणें झालेलें आहे.

शेवटीं दोन आयरिश वचनें सांगून आम्ही रजा घेतों. मृताचें नांव निघालें कीं ते म्हणतात, त्याचा आत्मा देवाच्या उजव्या हाताशीं असो. आज आपल्यांत नसलेल्या सर्वांसाठीं, आणि विशेषतः जिचे शब्द आम्हीं ऐकले नाहींत त्या आजीसाठीं, आम्ही तेंच म्हणतों. आणि नाताळांत किंवा घरच्या मेजवानींत सारें कुटुंब एकत्र जमलें म्हणजे ते म्हणतात, 'गु मेरिमिज ब्यो एर अन आम शो अरीश' : पुन्हां ह्याच वेळीं आपण सारे जिवंत असों. ह्या वचनांत धन मागितलेलें नाहीं, मान मागितलेला नाहीं. आज जीं माणसें पंक्तीला आहेत, तींच पुन्हां पंक्तीला असावींत, एवढेंच मागितलें आहे.

पुन्हां ह्याच वेळीं आपण सारे जिवंत असों, आणि देव आपणां सर्वांबरोबर असो. हा झाला आमचा आशीर्वाद. आतां आम्ही थांबतों. तुमच्या उत्तराची वाट पाहत आहों, आणि त्यांत एका नांवाची भर घालण्यास विसरूं नका.